खाणीची हळद

मित्रांनो, नाक दाबून ऐकलंत तरी मी रागावणार नाही. मी एक जुनी दगडखाण आहे आणि माझ्या अंगाला घाण वास येतो, हे मला माहीत आहे. तुम्हाला तो येतो तेव्हा तुम्ही सायकल वळवून निघून जाता. मला कुठे जाता येत नाही. मी रात्रंदिवस त्या वासातच पडलेली असते.

बेलापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी शेटचा बाग आहे. तिथला दगडी बंगला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या फाटकावर आता दिवे लावले आहेत आणि लग्न ठरलेली मुलं-मुली तिथे फोटो काढायला येतात. त्या बंगल्याच्या मागे, आंब्यांच्या रांगेपलीकडे जो मोठा खड्डा आहे, ती मी. बंगल्याच्या भिंती, बागेचं कुंपण, विहिरीचं बांधकाम, खाडीवरच्या धक्क्याच्या पायऱ्या, हे सगळं माझ्या पोटातून निघालेलं आहे. येणारे लोक भिंतीवरून हात फिरवतात, "काय दगड आहे!" म्हणतात आणि जाताना रिकामी बाटली माझ्यात भिरकावतात.

पण सुरुवातीपासून सांगते.

शेटची खाडीवर मिठागरं होती. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या लाकडी घराची वाट लागली, म्हणून त्याला पक्का दगडी बंगला हवा होता. डोंगरात काळा कातळ आहे हे कळल्यावर त्याने देशावरून वडारांची माणसं बोलावली. शिवराम त्यांचा म्होरक्या होता. त्याचा पहिला घाव मला अजून आठवतो. तो घाव रागाचा नव्हता. आधी त्याने माझ्यावर पाणी शिंपडलं, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि मग छिन्नी लावली. कातळात ओळीने भोकं पाडून तो त्यांत लाकडाच्या पाचरी ठोकायचा आणि त्यांवर पाणी ओतून झोपायला जायचा. लाकूड रात्रभर फुगायचं आणि सकाळी चिरा आपोआप सुटा झालेला असायचा. माझा एक तुकडा निघायचा, पण मला ओरखडा जाणवायचा नाही.

बंगला उभा राहत असतानाच पायथ्याच्या फणसपाडा गावातला एक आगरी बाप शिवरामकडे आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि तिला रुखवतात द्यायला त्याला दगडी पाटा-वरवंटा हवा होता. शिवरामने माझ्या आतल्या अंगाचा, एकही शीर नसलेला दगड निवडला आणि पाटा घडवून दिला. तो नेताना शिवरामची बायको विजयमाला त्या बापाला म्हणाली, "हिच्या पोटची लेक नेताय. या पाट्यावर पहिली हळद वाटाल ती पोरीच्या आधी या खाणीला, पाट्याच्या आईला लावायला या. पाणीबी हितलंच घ्या."

तेव्हापासून फणसपाड्यात रीतच पडली. घरात लग्न निघालं की बायका वाजतगाजत बागेत यायच्या, माझ्या झऱ्याचं पाणी कळशीत भरायच्या, जांभळाच्या सावलीत पाटा मांडून हळद वाटायच्या आणि पहिलं बोट माझ्या कातळावर ओढायच्या. मग उरलेली हळद नवरीला. माझ्या दर्शनी भागावर बोटांच्या पिवळ्या रेघांवर रेघा चढल्या होत्या. पावसाने त्या धुतल्या जायच्या आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा उमटायच्या. मित्रांनो, दगडाला मान मिळणं म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवलं.

पुढे शेटची नातवंडं मुंबईला राहायला गेली आणि इकडे खाडीच्या काठाने नवं शहर उभं राहू लागलं. त्या शहराला खडी हवी होती. बाग एका ठेकेदाराला भाड्याने दिला गेला. आता पाचरी गेल्या, सुरुंग आले. माझे चिरे निघेनात, चिंधड्या निघू लागल्या. क्रशर दिवसभर खडखडायचा. आंब्याच्या मोहोरावर राखाडी धूळ बसायची. तरीही त्या काळाबद्दल मी कुरकुर करत नाही. तुमच्या घराखालच्या रस्त्यात कुठेतरी मी आहे, तुमच्या शाळेच्या पायात मी आहे. कामात झिजण्यात कमीपणा नसतो.

मग एक दिवस सरकारी हुकूम आला आणि काम बंद पडलं. क्रशर गंजला, भंगारवाले तो घेऊन गेले. पाऊस आणि झरा यांनी मिळून मला भरून टाकलं. मासे कसे आले देव जाणे, पण आले. खंड्या येऊन काठावर बसू लागला. गावातली मुलं पोहायला यायची, बायका गोधड्या धुवायच्या आणि लग्न असलं की हळद यायचीच. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती.

बाळाबाईला मात्र मी सुरुंगांच्याही आधीपासून पाहत आले. प्रथम पाहिली ती नवरी म्हणून नव्हे, कारण नवरी इथे येत नाही. तिच्या आईच्या मागे कळशी घेऊन आलेली, परकराला चिखल लागलेली पोर होती ती. पुढे ती फणसपाड्याची धवलारीण झाली. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी आणि विधी सांगणारी बाई. तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही. बाळाबाईचा आवाज घोगरा होता, पण ती माझ्या काठावर गाऊ लागली की तो माझ्या कातळांवर आदळून दुप्पट होऊन परत जायचा. तिलाही ते माहीत होतं. मुद्दाम तोंड माझ्याकडे करून गायची.

आता मित्रांनो, मला ज्याची शिसारी येते ते सांगायची वेळ आली.

डोंगराच्या कुशीत उंच इमारती उभ्या राहिल्या. माणसं चांगली होती, शिकलेली होती, देवाधर्माची होती. तिथेच घोटाळा झाला. एकदा एक गृहस्थ देव्हाऱ्यातली वाळलेली फुलं प्लास्टिकच्या पिशवीत भरून, पिशवीला घट्ट गाठ मारून माझ्याकडे आले. फुलं कचऱ्याच्या डब्यात टाकली तर पाप लागेल, रस्त्यात ठेवली तर कोणाच्या पायाखाली येतील. खाडी जरा लांब, मी जवळ. त्यांनी मला नमस्कार केला आणि पिशवी पाण्यात सोडली. गाठ पक्की होती, फुलं आतच कुजली. माझ्यात आलेली पहिली पिशवी ती.

मग सगळेच येऊ लागले. फुटकी काच असलेल्या तसबिरी, देवांची चित्रं असलेल्या जुन्या दिनदर्शिका, पूजेचे नारळ, जाळीच्या पिशवीतले कलश, न विरघळणारे गणपती. एका गणपतीचा हात अजून पाण्यावर येतो आणि मला आशीर्वाद देतो. सगळं येतं ते नमस्कार करून. शिवी देऊन माझ्यात कोणी घाण टाकली असती तर मला राग आला असता. हात जोडून टाकलेल्या घाणीला काय म्हणायचं, तेच मला कळत नाही. नुसती मळमळ होते.

आणि जिथे देव टाकले, तिथे कमोड टाकायला कोणाला लाज वाटणार? टेम्पो येऊ लागले. फोडलेल्या बाथरूमच्या फरशा, मुताचे डाग पडलेल्या गाद्या, बाळांची लंगोटं, हॉटेलातलं सडलेलं वरण. पाण्यावर जाड हिरवी साय धरली आणि तिच्याखालून बुडबुडे येऊ लागले. मासे उलटे होऊन वर आले. खंड्या उडून गेला तो परत फिरकला नाही. ज्या कातळावर हळद लागायची तिथे कोणीतरी तेलरंगाने बदाम काढून दोन नावं लिहिली आणि येणारे-जाणारे त्यावर गुटखा थुंकू लागले. एका वेळी माझ्या कपाळावर देवाची तसबीर आणि थुंकीचा ओघळ शेजारी शेजारी होते. मला ओकारी येत नाही, कारण मी दगड आहे. नाहीतर मी सगळं शहराच्या अंगावर ओकले असते.

हे बाहेरच्यांचं झालं. मला सगळ्यांत जास्त लागलं ते दुसरंच.

बाळाबाईच्या मुलाने, रोहिदासने, जुनं घर पाडून तीन मजली बांधलं. त्याची बायको चंदा हिच्या नव्या स्वयंपाकघरात चकचकीत ओटा आला, मिक्सर आला. जुना पाटा कुठे ठेवायचा? तो माझा पाटा होता. बाळाबाईच्या सासूच्या लग्नात गेलेला. मुलं झाली की पाचवीला त्याचीच पूजा व्हायची, त्यामुळे तो भंगारात देववेना. एका दुपारी चंदा एकटी आली. तिने पाट्याला हळदकुंकू वाहिलं, तो मोठ्या पिवळ्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, पाया पडली आणि माझ्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांपाशी मला परत केला. पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने टोचून खरखरीत करून घेतात, म्हणून घरी सासूला सांगितलं, "टाकी लावायला दिलाय."

मी पाहत होते. माझी लेक पिशवीत बांधून माझ्याच गटारात टाकली जात होती आणि टाकणारी रडतही होती.

या मे महिन्यात मितालीचं लग्न ठरलं. मिताली म्हणजे बाळाबाईची नात, चंदाची मुलगी. फोटो काढायला ती नवऱ्या मुलाबरोबर बंगल्यावर येऊन गेली होती. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा फोटोवाला ओरडला, "मॅडम, मागे खाण दिसतेय, जरा इकडे सरका!" आणि ती सरकली.

हळदीच्या दिवशी सकाळी मला ताशा ऐकू आला. मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात काय झालं, कसं सांगू? कित्येक वर्षांत कोणी आलं नव्हतं. गावातल्या बाकीच्या घरांनी ही रीत गुपचूप सोडली होती. नळाचं पाणी कळशीत भरायचं आणि हळद वाण्याकडून तयार आणायची. पण आपल्या नातीचं लग्न धवलारीण असं लावणार नव्हती. बाळाबाई काठी टेकत पुढे, मागे पाच-सहा बायका, डोक्यावर कळशी घेतलेली चंदा आणि सगळ्यांच्या मागे तोंड लपवत रोहिदास आणि त्याचा पुतण्या धनेश. बायकांनी पदर नाकाला लावले होते. बाळाबाईने लावला नव्हता.

ती काठावर येऊन उभी राहिली. तिने खाली पाहिलं. गाण्यासाठी उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"अगो बाय," ती म्हणाली. "कय केलान हो हिचा!"

"आई, मी सांगत होतो ना," रोहिदास म्हणाला. "चल घरी. बिसलरी आनू."

"गप रं. पाटा कुटं हाय? टाकीवाला आज आनून देतो बोलला व्हता ना?"

चंदाने कळशी खाली ठेवली. तिच्या हातातला मोबाईल वाजला आणि तिने तो बाळाबाईच्या हातात दिला. पलीकडून मिताली ओरडत होती, "आजी! मेकअपवाली येईल तीन वाजता! मिक्सरला फिरव ना हळद, टेन्शन कशाला घेतेस?"

"तुजे मिक्सरला माहेर हाय काय गो?" बाळाबाईने फोनकडे बघून विचारलं आणि तो चंदाला परत दिला. "पाटा कुटं हाय, चंदा?"

चंदाने पाण्याकडे बोट केलं.

ताशेवाल्याने काडी खाली केली. बाळाबाई सुनेकडे बघतच राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सासरी नांदवलेली लेक," ती हळू आवाजात म्हणाली, "पिशवीन भरून माहेरी टाकली काय?"

"हळदकुंकू लावून सोडला, आई. पाया पडून सोडला."

"मंग तं झालाच. मी मेल्यावर मनापन हळदकुंकू लाव नि हितंच टाक."

चंदा तोंडावर पदर घेऊन रडू लागली. बाळाबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती दगडावर बसली आणि म्हणाली, "त्या पाट्यावर वाटलेली हळद माजे अंगाला लागली, तुजे अंगाला लागली. मितालीला दुसरी लागनार नाय. काढा."

मे महिना असल्याने पाणी खाली गेलं होतं. रोहिदास आणि धनेश दोर बांधून पायऱ्या उतरले आणि बांबूने ओढू लागले. पहिली पिशवी आली ती नारळाची. ती फुटली आणि जो वास सुटला त्याने दोन बायका मागे पळाल्या. मग तसबीर आली, तिच्यात देव नव्हता, नुसता शेवाळलेला पुठ्ठा. मग गादी. मग लंगोटं. धनेश म्हणाला, "काका, आपल्याला रेबीज होणार!"

"कुत्रा चावल्यावर होतो रं तो," रोहिदास म्हणाला. "ओढ."

तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. वरच्या सोसायटीत राहणारे जयप्रकाश उतरले. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा सदरा, हातात गाठ मारलेली पिशवी आणि गाठीवर आणखी लाल धागा. इतकी माणसं बघून ते थबकले.

"काय चाललंय? क्लीनिंग ड्राइव्ह का? फार छान. करायलाच हवं कोणीतरी."

बाळाबाईने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. "त्यान कय हाय, साहेब?"

"हे? निर्माल्य आहे, मावशी. आणि एक जुना फोटो. देवाचं आहे, कचरा नाही."

"देवाचा हाय तं देवघरान ठेव ना!"

"अहो, पण ते खराब झालंय..."

"खराब झाला मंजी कचरा. नाय झाला तं घरी ने. माजे हळदीच्या पान्यान कनाला सोडतोस?"

जयप्रकाश काहीतरी पुटपुटले. पाप लागण्याची गोष्ट, पायाखाली येण्याची गोष्ट. ती धनेशच्या बांबूला लटकलेल्या लंगोटाकडे बघत बोलणं त्यांना जड गेलं असावं. ते पिशवी घेऊन मोटारीत बसले. बायका हसल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं.

पाटा सापडला तेव्हा दुपार व्हायला आली होती. पिवळी पिशवी फाटली होती आणि पाटा काळ्या-हिरव्या बुळबुळीत थराने झाकला होता. धनेशने तो बाळाबाईपुढे ठेवला. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. तोंड फिरवून तिने दोन-तीन कोरडे उमासे काढले. आपल्या सासूच्या पाट्याची तिला किळस आली, आणि किळस आली म्हणून ती रडली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

धुवायला पाणी? माझ्या काठावर बसून, माझ्याच पोटचा दगड धुवायला माझ्यात कळशीभर स्वच्छ पाणी नव्हतं. रोहिदासने फोन केला. दुकानातला पोरगा स्कूटरवरून पाण्याचे जार घेऊन आला. विकतच्या पाण्याने पाटा धुतला. राखेने घासला, चिंचेने घासला, नारळाच्या शेंडीने घासला. चंदानेच घासला, कोणाला हात लावू दिला नाही. तिची नखं काळी झाली. हळूहळू माझा जुना काळा रंग वर आला. शिवरामच्या टाकीचे ठिपके अजून जागेवर होते. मित्रांनो, दगड घाण आत घेत नाही. वरवर चिकटली असते तोवर ती निघते.

जांभळाखाली पाटा मांडला. बाळाबाईने घरून आणलेल्या वरवंट्याने हळकुंडं ठेचली. चंदा वाटू लागली आणि बाळाबाई गाऊ लागली. तोंड माझ्याकडे करून गात होती, पण तिचा आवाज माझ्याकडून परत गेला नाही. कातळ आणि आवाज यांच्यामध्ये राडारोड्याचा ढीग होता. ती एक कडवं गाऊन थांबली आणि दुसरं तिने तोंड फिरवून, गावाकडे बघत गायलं.

मग ती उठली. उजव्या हाताच्या बोटावर हळद घेऊन माझ्या दर्शनी कातळाकडे आली. याच क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहत होते. मी श्वास रोखला, म्हणजे दगड रोखतो तेवढा.

तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. बदाम, नावं, गुटख्याचे ओघळ. कोपऱ्यात एका कंपनीचं घरं रंगवून देण्याचं भित्तिपत्रक. तिचं बोट हवेत इकडून तिकडे फिरलं. एक बोट टेकवायला जागा शोधत होतं. मिळाली नाही.

"आई, लाव ना कुटं तरी," रोहिदास म्हणाला.

"थुकीवर हळद लावू?"

मग तिने कुंकवाची रिकामी डबी काढली, बोटावरची हळद तिच्या आत पुसली, झाकण लावलं आणि डबी पदराच्या गाठीला बांधली.

"तुजी हळद मी ठेवतंय गो," ती मला म्हणाली. "लेकीला लावून ऱ्हायली नि आईला नाय, असा आजवर झाला नाय. पन मी हितं लावनार नाय. बोटभर जागा झाली का सांग, मी येतंय."

आणि ती मंडळी गेली. ताशा दूर गेला. चंदाने पाटा डोक्यावर घेतला होता, कळशीच्या जागी.

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळं बदललं. मला खोटं सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एक मोटार दिवे विझवून आली. लाल धाग्याची ती पिशवी माझ्या पाण्यावर डुबुक करून पडली आणि तिच्यामागून घाईघाईने जोडलेले दोन हात मला दिसले.

मित्रांनो, मला तळं व्हायचं नाही. माझ्याभोवती बाकं नकोत, कारंजी नकोत, माझ्या नावाची पाटी नको. उद्या घरातलं मोठं माणूस तुमच्या हातात गाठ मारलेली पिशवी देऊन म्हणेल, "जा, खाणीत सोडून ये." तेव्हा ती गाठ सोडा. फुलं झाडाच्या मुळाशी घाला, पिशवी परत घरी न्या आणि मोठ्यांना दाखवा. माझ्यापुढे हात जोडू नका, मला त्याची किळस आली आहे. जमलं तर एखाद्या सुट्टीच्या सकाळी ब्रश आणि बादली घेऊन या आणि त्या कातळावरचं एक बोट रुंद, एक बोट लांब एवढंच घासा.

बाळाबाई आता काठी टेकत चालते. तिच्या पदराच्या गाठीतली हळद वाळायला लागली असेल.

जरा लवकर या.